चौघांत एक पेपर

रद्दीवाला महिन्यातून एकदा येऊन पेपर घेऊन जातो, पण त्या पेपरांवरून झालेले किस्से कोण नेणार? ते साचतच राहतात! माझ्याकडे आता इतके झालेत, की चार तुम्हाला ऐकवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ओटा आहे. सकाळी साडेसातला आम्ही चौघं तिथे जमतो. पेपर एकच, बापूंचा. बापू रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे नियमही त्यांचेच! पानं सुटी करायची, प्रत्येकाला एक. आपल्या पानावरची एक मजेशीर गोष्ट मोठ्यानं वाचायची. दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही. आणि ऐकीव तर मुळीच चालणार नाही! "छापलेलं असेल तेवढंच सांगा," हे त्यांचं रोजचं वाक्य.

यात पंचाईत एकाचीच, अण्णांची. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, अक्षरं दिसत नाहीत. हे फक्त मला ठाऊक, कारण मी तीस वर्षं नर्स होते आणि डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मीच गेले होते. त्यांच्या मिसेस गेल्यापासून घरात ते एकटेच. मला म्हणाले, "सिस्टर, बापूंना कळू देऊ नका. वाचताच येत नाही म्हटल्यावर मी इथे बसून करू काय?" मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून अण्णा सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतात आणि साडेसातला पान समोर धरून त्याच 'वाचतात'. आवाज असा खणखणीत, की कुणाला शंका येऊ नये!

तर किस्से.

चौथ्या मेंबर म्हणजे मावशी. माहेर नांदगावकडचं, इथे बाजारात भाजी विकतात. एकदा त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. वाचून झाल्यावर पान मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन-तीन काळजं! बाई गं, मंग त्याला बीपीच्या गोळ्या किती लागत असतीन?"

मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, पण हा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता!

*

मध कधी खराब होत नाही, असं बापूंच्या पानावर आलं. छापलेलं म्हणजे प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी बापू घरच्या कपाटातली एक बाटली घेऊन हजर! "आठ वर्षांपूर्वीचा मध. बघा आता." आमच्यासमोर दोन चमचे चाटले. चेहरा जरा विचारी झाला. "चव थोडी बदललीय," म्हणाले, "पण जुना झाला की व्हायचंच. बाकी एकदम उत्तम!"

तेवढ्यात त्यांच्या मिसेस भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालल्या होत्या. बाटली बघून थबकल्या. "अहो, ही काकवी इथे कशी? गेल्या महिन्यातच आणलीय मी!"

त्या दिवशी वाचन जरा लवकर आटोपलं.

*

झाडांशी बोलावं, असं एकदा माझ्या पानावर होतं. मला पटलं. हल्ली मी माझ्या कढीपत्त्याशी रोज गप्पा मारते, आणि खोटं नाही सांगत, माझंच मन हलकं होतं. मावशींना म्हटलं, तुम्हीही करून बघा. "म्या तर कधीपास्नं बोलते," त्या म्हणाल्या. "रोज मेथीला सांगते, बाई, दुपारच्या आत खप!"

*

आता परवाचं ऐका. पहाटेपासून आमच्या भागात लाइट नव्हती. अण्णांचा रेडिओ विजेवरचा! ओट्यावर आले तेच घामाघूम. आज काय वाचणार हा माणूस?

माझं झालं, मावशींचं झालं. "हं, अण्णा," बापू म्हणाले.

अण्णांनी पान उचललं, घसा खाकरला. "हरसूल, वार्ताहराकडून. एका आजोबांनी आठवडी बाजारात आपली बकरी विकली. घरी पोहोचले, तर बकरी त्यांच्या आधीच दारात उभी! इतक्यात विकत घेणारा माणूस शोधत शोधत आला..."

आणि अण्णा अडकले. "आला, आणि... आणि..."

बापूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. संपलं, मी मनात म्हटलं. आता पान मागून घेणार!

"थांबा अण्णा," बापू म्हणाले. "पुढचा मजकूर माझ्या पानावर आलाय."

त्यांनी आपलं पान उघडलं. मी शेजारीच बसले होते. पानावर वरपासून खालपर्यंत साड्यांच्या सेलची जाहिरात होती.

बापू शाळेत वाचायचे तसं एकेक शब्द सुटा करत वाचायला लागले, "तो माणूस दारात आला. आजोबा बकरीच्या गळ्यात हात टाकून बसले होते. ते बघून तो तिथेच थांबला..."

मावशींनी जाहिरात पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

"आणि बकरीचं काय झालं हो?" अण्णांनीच विचारलं.

"जरा दम धरा," बापू म्हणाले, "तेच वाचतोय."