दोष वायफायचा

मालवाहू बोटीवर आचारी म्हणून जाण्याआधी प्रीतमने बायकोला, कल्पिताला, एक फोन दिला आणि त्या फोनने बिचारीचा जीव खाल्ला. कंपनीची सिस्टिम पुसून प्रीतमने त्यात हौसेने ओपन सोर्सवाली घातली होती. "ही कुणाच्या बापाची नाही, आपली आहे," असं चार माणसांत ऐकवून महाशय निघून गेले. त्यांच्या या सिस्टिमचं वायफाय मात्र दर थोड्या वेळाने मान टाकायचं.

कांदिवलीची त्यांची खोली तळमजल्यावर, दोन टॉवरांच्या मध्ये. मोबाइलची रेंज तिथे फिरकत नाही. नवऱ्याचा आवाज ऐकायचा तर वायफायवरच, तोही बोटीवर नेट असेल तेव्हा. त्यातला निम्मा वेळ "आता स्क्रीनवर काय दिसतंय?" यात जायचा. राउटर बंद करून चालू कर, पासवर्ड पुन्हा टाक, हे दाब, ते दाब. नवरा-बायकोचं बोलणं आहे की कस्टमर केअर, तेच कळेनासं झालं.

अशातच तिसऱ्या महिन्यात कल्पिताचा गर्भपात झाला.

"तेका आत्ता सांगू नको," सासू सुगंधा म्हणाली. "थय पाण्यात एकटोच आसा." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून रडत बसली.

पण लपवणं कल्पिताला सोसवेना. पुढच्या फोनला सांगायचंच, असं तिने ठरवलं आणि बोलणं मध्येच तुटू नये म्हणून स्वतःच सेटिंगमध्ये शिरली. शोधता शोधता सापडलं. बॅटरी वाचवायच्या नादात फोनच वायफायला झोपवत होता. तिने ते सेटिंग बंद केलं आणि वायफाय टिकलं.

त्या संध्याकाळी फोन आला, आवाज अगदी स्वच्छ. "सोनोग्राफी झाली का गं? फोटो पाठव ना," प्रीतम म्हणाला. ठरवलेलं असूनही कल्पिताला सांगवेना. तिने बोटाने वायफाय बंद केलं.

मग तेच सुरू झालं. बाळाचा विषय निघाला की वायफाय गेलंच. खोटं बोलावं लागत नव्हतं, ते काम फोन करायचा. तिला स्वतःची किळस यायची, तरी बोट तिकडेच जायचं.

एक दिवस प्रीतमचा व्हॉइस मेसेज आला, आवाज पार पडलेला. "कल्पू, माझीच चूक आहे. नको तो शहाणपणा करून फोनची वाट लावली यार. या दिवसांत तुला कसल्या कटकटीत टाकलं मी. शेजारच्या तेजलला सांग, जुनी सिस्टिम घालून देईल. मला तुझ्याशी नीट बोलायचंय गं, बाकी काही नको."

कल्पिताने मेसेज पुन्हा लावला. तिची चूक तो आपल्या डोक्यावर घेत होता, तेही माफी मागून. हे मात्र तिला सहन होईना. तिने फोन लावला.

"फोनला काही झालेलं नाही रे," ती म्हणाली. "तो कधीच नीट झालाय. मीच तोडत होते." मग एका दमात बोलून टाकलं, "आपलं बाळ राहिलं नाही, प्रीतम."

पलीकडून काहीच आवाज येईना. तिने स्क्रीनकडे पाहिलं. वायफाय पूर्ण होतं, फोन चालूच होता. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "हॅलो, ऐकू येतंय ना?"

"येतंय," प्रीतम म्हणाला. "आता ठेवू नकोस."