उपाशी यंत्राची गोष्ट

विज्ञानकथा घरात मोठ्यानं वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मनातल्या मनात वाचली तर फार तर झोप उडते. मोठ्यानं वाचली तर नोकरीवर गदा येते!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. परदेशातून आलेली, लोखंड कातणारी, आपोआप चालणारी नवीकोरी लेथ माझ्या हवाली केली होती. मला पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, ते साहेब दसऱ्यानंतर ठरवणार होते. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी, आई आणि बायको कुसुम, तिघंही त्या दसऱ्याकडे डोळे लावून बसलो होतो.

अशा वेळी माणसानं गुमान मशीनची माहितीपुस्तिका वाचावी. पण नेमका तेव्हाच कंपनीच्या वाचनालयात दिवाळी अंकासाठी माझा नंबर लागला. (अंक गेल्या वर्षीचा! नंबर लागेपर्यंत पुढची दिवाळी तोंडावर आली होती.) त्यात एक विज्ञानकथा होती. पुढच्या शतकातलं शहर, सगळी कामं यंत्रं करतात, आणि मधोमध एक महायंत्र. ते रोज एकेका माणसाचं नाव पुकारतं, ‘तुझं काम संपलं’ म्हणतं आणि त्याला गिळून टाकतं!

दिवेलागणीला मी ती ओट्यावर बसून वाचून दाखवली. यंत्राचा आवाज तर थेट बेंबीच्या देठापासून काढला. संपल्यावर सगळे थरथर कापतील, अशी माझी अपेक्षा होती.

“त्या शहरात बाई एकसुद्धा नाही?” कुसुमनं विचारलं.

“दिसत तरी नाही.”

“मग भांडी कोण घासतं?”

“यंत्रं.”

“तेलकट कढईसुद्धा?”

“अगं, पुढचं शतक आहे ते!”

“मग तेवढाच भाग परत वाच.”

शेजारचे बाबुराव आमच्याच कंपनीत फिटर, मूळचे नांदेडकडचे. त्यांना गोष्ट मुळातच पटली नव्हती. “युनियन नव्हती का ओ तिथं? चार दिवस गेटवर बसले असते तर यंत्र सुतासारखं सरळ झालं असतं की!”

आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“त्येला खायाला कोन घालतं?”

“कुणाला?”

“त्या यंत्राला.”

“आई, त्याला वीज लागते फक्त.”

“ती प्यायाची झाली. खायाचं काय? उपाशी हाय त्ये, म्हनून मानसं गिळतंय.” मग तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुजं मशीन बी असलंच हाय का रं?”

इथं गप्प बसायला हवं होतं. पण श्रोते मिळाले की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, “त्याच जातीचं! अजून लहान आहे, इतकंच!”

कुसुम हसली, बाबुरावही हसले. आई मात्र हसली नाही, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा. आम्ही सगळी मशीनं पुसून लख्ख केली, हार घातले. त्या दिवशी घरच्यांनाही आत यायची मुभा असे. आई नवं लुगडं नेसून, पदराखाली डबा घेऊन आली. मला वाटलं, माझं जेवण असेल!

“ह्येचं त्वांड कुठलं?” तिनं मशीनभोवती एक फेरी मारून विचारलं.

“हे बघ, चक. इथं लोखंड धरतात,” मी ऐटीत दाखवलं. “यानं एकदा पकडलं की सुटका नाही!”

आईनं मान डोलावली. मी पेढे वाटायला गेलो. आरती झाली, नारळ फुटला, आणि पांढरा शुभ्र शर्ट घातलेले साहेब पुढे आले. “आता पाहुण्यांना मिनिटभर मशीन चालवून दाखवू!” म्हणत त्यांनी हिरवं बटण दाबलं.

चक गरगर फिरलं आणि त्यातून तूप उडालं! पाठोपाठ पुरण! साहेबांचा शर्ट, चष्मा, मिशा, सगळं पिवळंधमक. पुरणपोळीचा एक तुकडा माझ्या खांद्यावर येऊन बसला (पुरावा म्हणून!). बाबुरावांनी झेप घेऊन मशीन बंद केलं.

“कोणी केलं हे?” साहेब गरजले.

मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. आई पुढे झाली.

“म्या ठिवली. निवद हाय त्यो.”

“मशीनच्या आत?”

“मंग? माजं पोरगं दिसभर ह्येच्यापुढं उबं ऱ्हातं. ह्येचं प्वाट भरल्यालं असलं म्हंजी पोराला धरायचं न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला अख्खी गोष्ट सांगावी लागली. जीव मुठीत धरून सांगत होतो, पण महायंत्राचा आवाज काही आवरला नाही. साहेब चष्मा पुसत शेवटपर्यंत ऐकत होते.

“मूर्ख लोक,” ते अखेर म्हणाले.

“चुकलं साहेब, आई जरा...”

“त्या शहरातले हो! एवढं मोठं यंत्र, आणि मेन्टेनन्सला एक माणूस ठेवला नाही?”

दसऱ्यानंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पर्मनंटचा कागद समोर होता. मी मारे माझ्या तीन महिन्यांच्या कष्टांबद्दल बोलायला तोंड उघडलं.

“राहू द्या,” साहेब सही करत म्हणाले. “काम तुमचं बेताचंच आहे. पण तुम्हाला घरी बसवलं, तर माझ्या मशीनला जेवू कोण घालणार?”