पाटाच्या शेपटाचा माणूस

आठ वर्षांपूर्वी, माझी बारावीची परीक्षा संपल्यानंतरच्या शनिवारी आणि रविवारी, नानांनी मला पुणे दाखवलं. त्यांनी स्वतः ते तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. हडपसरला लेकीकडे येऊन त्यांना आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत ते सोसायटीच्या फाटकाबाहेर फक्त दवाखान्यासाठी गेले होते, तेही रिक्षाने.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला, कधी आणि किती वेळ जायचं ते बघणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. खडकवासल्याहून निघालेला कालवा पुणे शहरातून जातो, दौंड तालुका ओलांडतो आणि आमच्या बाजूला येऊन संपतो. नानांची एकतीस वर्षांची नोकरी या शेवटच्या टोकावर झाली. आम्ही तेव्हा बारामतीत राहत होतो आणि सुट्टीला गावी जायचो, तेव्हा नाना बहुतेक वेळा घरात नसत, पाटावर असत.

पाटाचा नियम असा, की पाणी आधी सगळ्यात शेवटच्या शेताला द्यायचं आणि तिथून एकेक दार मिटत वर यायचं. नानांनी हा नियम पाटापुरता ठेवला नाही. गावात लग्नाची पंगत बसली की ते बुंदीचं ताट घेतलेल्या वाढप्याला दंडाला धरून पार टोकाला नेत आणि तिथून वाढायला लावत. वरच्या बाजूला बसलेले मानाचे पाहुणे रिकाम्या पानाकडे बघत बसायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांनी यावरून रुसवा धरला. नाना त्यांना म्हणाले, "पाव्हणं, येतंय की तुमच्यापातूर. वरच्याला कधी कमी पडलंय का?"

निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी पाटावर चक्कर मारत. बायको वारल्यावर ते गावात एकटेच होते. एकाहत्तराव्या वर्षी पाटाच्या भरावावर त्यांना चक्कर आली आणि ते पडले. मार फार लागला नाही, पण त्यांची एकुलती एक मुलगी, माझी कुंदाआत्या, त्यांना पुण्याला घेऊन आली. पुण्यात दुसराच प्रकार घडला. एका सकाळी सहा वाजता नाना जुना खाकी शर्ट घालून, हातात काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापाशी उभे होते. वॉचमनने विचारलं तेव्हा म्हणाले, पाण्याची पाळी सुरू झालीय, पाटावर निघालोय. ही गोष्ट वॉचमनने आत्याला सांगितली. तेव्हापासून त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद झालं आणि गावाचा विषयही बंद झाला. डॉक्टरांनी काही चाचण्या केल्या. त्यांतून ठोस काही निघालं नाही.

मी शुक्रवारी संध्याकाळी पोचले. जेवताना नानांनी आत्याला सांगितलं, की उद्या आणि परवा ते मला शहर दाखवणार आहेत. दोघंच जाणार, जावयाची गाडी नको. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "काय चुकलं न्हाय, तर सोमवारच्या गाडीत मला बसीव. चुकलं तर पुन्यांदा गावाचं नाव काढनार न्हाय."

आत्याने त्यांच्या ताटात भाजी वाढली. शेवटी बरं म्हणाली. दुपारपर्यंत दमून परत येतील असं तिला वाटलं होतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या रात्री स्वयंपाकघरात मात्र तिने मला बजावलं, की गोळ्या वेळेवर दे, पायऱ्या चढू देऊ नकोस, रस्ता चुकले तर लगेच फोन कर. नळाखाली ताट धरून ती पुढे म्हणाली, "आणि नोकरीवर असल्यासारखं काही बोलले-वागले, तर मला येऊन सांगायचं. लपवायचं नाही. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

सकाळी बसथांब्यावर नानांनी खिशातून चाळीस पानी वही काढून माझ्या हातात दिली.

"तुला तपासनीला धाडलीय न्हवं आत्यानं?"

मी वही उघडली. ती कोरी होती.

"मग लिव. तोंडी रिपोर्टाला कोन इचारत न्हाय. डोळ्यानं बघितलं तेवढंच लिव. तुला काय वाटलं ते लिवू नगंस."

वहीतली पहिली नोंद आठ वाजून दहा मिनिटांची आहे. गोळी घेतली, एवढीच. ती वही माझ्याकडे आहे.

मला शनिवारवाडा आणि मॉल बघायचा होता. नाना म्हणाले, ते जवळ आहे, जवळचं शेवटी. आधी लांबचं. स्वारगेटला बस बदलून आम्ही खडकवासल्याच्या बसमध्ये बसलो आणि धरणाच्या थांब्यावर उतरलोच नाही. कंडक्टरने दोनदा आवाज दिला. नानांनी तिकीटच शेवटच्या थांब्याचं काढलं होतं. तिथे उतरून, एक चहा पिऊन, आम्ही त्याच बसने उलटे धरणापर्यंत आलो. मी वहीत लिहिलं, थांबा चुकले. नानांनी वाचलं आणि बोट ठेवलं. "चुकले न्हाय. मुद्दाम. कंडक्टरला इचार." त्यांनी तिकीट दाखवलं. मी शब्द खोडला.

धरणावर शनिवारची गर्दी होती. कणसं, कांदाभजी, फोटो. नानांनी पाण्याकडे फारसं बघितलं नाही. पाट कुठून सुटतो ते त्यांनी तीन माणसांना विचारलं. दोघांना माहीत नव्हतं. तिसरा भजीवाला होता, त्याने झाऱ्यानेच दिशा दाखवली. जवळ जायला परवानगी नव्हती, म्हणून नाना रस्त्याच्या कडेला उभं राहून लांबूनच बघत राहिले. वहीप्रमाणे बावीस मिनिटं.

"हितनं निघतंय व्हय," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी पाटाचं हे टोक पाहिलं नव्हतं. भजीवाल्याने आग्रहाने गरम घाणा दिला. नानांनी त्याला विचारलं, की पाट किती दिवस चालू आहे. तो म्हणाला, "आजोबा, मी तळतो. पाण्याचं मला काय कळतं?" नाना हसले. दोन भजी खाऊन त्यांनी बाकीची मला दिली.

रविवारी सकाळी आम्ही शनिवारवाडा पाहिला. तिथल्या मोठ्या कारंज्यापाशी नानांनी पहारेकऱ्याला विचारलं, की पेशव्यांच्या काळी इथे पाणी कुठून यायचं. तो म्हणाला, कात्रजच्या तलावातून, नळाने.

"मग वाटंतल्या लोकांना मिळत हुतं का समदं वाड्यालाच?"

"हौद होते की वाटेत. लोक भरायचे."

"मग ठीक हाय," नाना म्हणाले. एवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर जी नापसंती होती, ती गेली.

पर्वतीच्या पायथ्याशी ते थांबले आणि मला एकटीला वर पाठवलं. मी उतरून आले तेव्हा तिथेच कठड्यावर बसलेले होते. दोन वाजता गोळी घेतली. त्यानंतर ते म्हणाले, पाटाच्या कडेने थोडं चालू या, शहरातून तो कसा जातो ते बघू. इथपर्यंत वहीत आत्याला आवडणार नाही असं काही नव्हतं.

पाटाला लागून एक रोपवाटिका होती. तिच्या कुंपणातून एक जाड काळा पाइप निघून पाण्यात गेला होता आणि पत्र्याखाली मोटार चालू होती. नाना थांबले. त्यांनी पाइपाचा घेर वितीने मोजला. मग हाक मारली, "मालक कोन हाय?"

पस्तिशीचा एक माणूस टोपी सारखी करत बाहेर आला. नानांनी परवानगीचा कागद मागितला. त्याने नानांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या ऑफिसचे.

"मी ह्या पाटाच्या शेपटाचा मानूस," नाना म्हणाले.

त्यांनी वहीच्या मधलं पान फाडून मागितलं, कट्ट्यावर बसले आणि पंचनामा लिहायला घेतला. पाट, बाजू, जागेची खूण, पाइपाचा घेर, वेळ.  मला मात्र काय करावं ते सुचेना. आत्याने सांगितलेली गोष्ट माझ्यासमोर घडत होती आणि ती लपवायची नाही असं तिने बजावलं होतं. मी हळूच म्हटलं, नाना, चला ना आता. ते लिहीतच राहिले.

पंच म्हणून त्यांनी माझी सही घेतली. दुसरा पंच हवा होता. मालक आता हसत होता. "आणा इकडं, मीच करतो सही."

"आरोपीला पंच हुता येत न्हाय," नाना मान वर न करता म्हणाले.

कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "मालकाच्या इरुद्ध सही करू? अन् उद्या कामाला तुमच्यात येऊ का?" दुसऱ्या पंचाची जागा रिकामी राहिली. मालकाने आत जाऊन मोटार बंद केली, नानांना प्यायला पाणी आणून दिलं आणि विचारलं, आता झालं का समाधान. नाना पाणी प्यायले, तांब्या परत दिला आणि म्हणाले, "आमी वळलो की चालू करशील. त्ये बी लिवलंय."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी वही मिटून मांडीवर ठेवली होती. मगरपट्टा आला, तरी ती उघडली नाही. मग नानांनी खिशातून तो कागद काढला.

"त्वांड का उतरलंय? वाच."

मी वाचला. सहीच्या वर शेवटचा मजकूर असा होता: 'खाली सही करणार हे सेवानिवृत्त असून त्यांना पंचनामा करण्याचा अधिकार नाही. तरी प्रत्यक्ष पाहिलेली वस्तुस्थिती वर लिहिल्याप्रमाणे खरी आहे.'

"हे बी लिव वहीत," नाना म्हणाले. "नायतर तुझा रिपोर्ट अर्धा ऱ्हाईल."

घरी पोचल्यावर मी वही आणि तो कागद दोन्ही आत्याला दिलं. तिने स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच वाचलं. कागद दोनदा वाचला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन नानांसमोर बसली.

"अधिकार नाही हे माहीत होतं, तर लिहिलात कशाला?"

"पानी चाललं हुतं म्हनून."

"आणि त्या दिवशी खाकी घालून गेटवर? तेव्हा माहीत होतं?"

 मी आत उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्या दिवशी न्हवतं," ते म्हणाले. "थोडा येळ न्हवतं. वॉचमननं इचारल्यावर ध्यानात आलं. मग लाज वाटली, म्हनून तसंच बोललो. कुंदे, हितं उठलो की काय करायचं त्येच कळत न्हाय. तितं उठलो की पाय आपसूक पाटावर जात्यात."

आत्या उठली. माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी काढायला तिने मला स्टूल आणायला सांगितलं.

सोमवारी सकाळी सोलापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरने नाना निघाले. भिगवण स्टेशनवर त्यांना घ्यायला शेजारचे महादूतात्या आले होते. आत्याने अटी घातल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ फोन, पाटाच्या भरावावर एकट्याने जायचं नाही, दुपारचं जेवण तात्यांच्या घरी. पहिली आणि तिसरी अट नानांनी पाळली. दुसरी पाळली नाही, हे आत्याला महिनाभरात कळलं होतं. तिने त्यावर त्यांना कधी विचारलं नाही. फोनवर ती एवढंच विचारायची, की आज फिरून आलात का.

यानंतर नाना तीन वर्षं आणि चार महिने गावी राहिले. या काळात ते दोनदा आजारी पडले आणि दोन्ही वेळा बारामतीच्या दवाखान्यातून परस्पर गावीच गेले. पुण्याला ते पुन्हा आले नाहीत.

त्यांचं निधन झालं ते घराच्या ओट्यावर, सकाळी सहा ते सव्वासातच्या दरम्यान. सहा वाजता तात्यांच्या सुनेने त्यांना तोंड धुताना पाहिलं होतं. सव्वासातला तात्या चहाला बोलवायला गेले. पायात चपला होत्या, काठी मांडीवर होती. ते पाटावर निघाले होते की जाऊन आले होते, हे कुणाला सांगता आलं नाही. कुंदाआत्या साडेअकराला पोचली.

वरून पाणी सुटलंय, शेताच्या चारीतलं गवत काढून ठेवा, असं त्यांनी आदल्या संध्याकाळी तात्यांना सांगितलं होतं. तात्यांनी दुसऱ्या आठवड्यात गवत काढलं. पाणी नानांच्या मृत्यूनंतर नवव्या दिवशी पोचलं.