माशांची भावकी

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी पीएचडीसाठी सिद्धेश्वर धरणावर माशांची तोंडं मोजत बसायचे. आमच्या घरात एवढं शिकणारी मी पहिलीच, तेव्हा माझा तोरा विचारू नका.

तोंड वर वळलेला मासा वरवरचं खातो, खाली वळलेला तळातलं. पाण्यात कोण काय काम करतो ते असं कळतं. मासे विकणारी मावशी मात्र खो खो हसायची. "काहून तोंडं मोजून राहिली गं पोरी? सोयरीक जुळवायची हाय का?"

धरणाची तुलना मी औंढ्याजवळच्या एका जुन्या तळ्याशी करत होते. जातींचा आकडा दोन्हीकडे एकच निघाला. मार्गदर्शक सर म्हणाले, "फरकच नाही, तर प्रबंध कशावर लिहिणार? विषय बदला." दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मला रडू नाही आलं, संताप आला.

आकडा एक असेल, पण मंडळी कोण? अख्खं गाव एकाच भावकीचं असलं, तर त्या गावात आपसांत सोयरीक होईल का? धरणातले रोहू, कटला, मृगळ अन् बाकीचेही सगळे एकाच भावकीचे, जबड्यात दात नसलेले. तळ्यात शिकारी मरळ, चिखलात घुसणारी वाम, मिशाळ शिंगटा. यांचं आपसातलं नातं ओढूनताणून काढावं लागेल.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या दुकानातून सुतळी आणली आणि दोन वंशवृक्ष बांधले. दोन जाती जितक्या जुन्या काळी वेगळ्या झाल्या, तितकी त्यांची फांदी लांब. मग एकेका झाडाच्या सगळ्या फांद्या सोडवून एकापुढे एक जोडल्या आणि सुतळीचे दोन गुंडे घेऊन विभागातल्या बैठकीला गेले. प्राध्यापक मंडळी गालात हसत होती. हसू दिलं.

धरणाची सुतळी टेबलावरच संपली. तळ्याच्या सुतळीचं टोक मी सरांच्या हातात दिलं. "सर, घेऊन चला."

सर दारापर्यंत गेले. मग व्हरांड्यात गेले. सुतळी सुटतच होती आणि माझी छाती अशी फुगली होती, की पुढे पदवी घेतानाही तेवढी फुगली नाही.

"अजून किती आहे हो?" बाहेरून सरांचा आवाज आला.

"बरीच आहे, सर."

सुतळी आणखी थोडी सरकली. मग सर तिथूनच ओरडले, "विषय बदलू नका!"