हारासाठी हूक

खंडेनवमीला क्रेनला हार घालायचा म्हणून वेल्डर शिंदेकाकांनी क्रेनच्या गर्डरला, म्हणजे वरच्या आडव्या तुळईला, खालून छोटासा हूक वेल्ड केला. गर्डरचं डिझाइन माझं होतं.

"काका, हूक कापा. जागा घासून सपाट करा."

"मॅडम, हाराचं वजन ते किती!" जमलेले कामगार हसले.

प्रश्न वजनाचा नव्हताच. क्रेन ये-जा करते तेव्हा गर्डर दर वेळी किंचित वाकतो. टनावारी ओझं झेलणारं पोलाद तडकतं ते कुणीतरी प्रेमाने मारलेल्या वेल्डिंगच्या अशाच एखाद्या टाक्यापासून. खाली माणसं काम करत असतात.

"सणाचं राहू द्या. उद्या कापतो."

"आत्ता."

काका शिडीवर चढले. खाली ठेवलेल्या झेंडूच्या हारावर ठिणग्या पडत राहिल्या.

"अजून घासा," मी म्हणाले.

उतरून त्यांनी करपलेला हार उचलला. "झालं समाधान?"

मी होकारार्थी मान हलवली. खरंच झालं होतं.