ऑस्प्रीला जेवू घालू नये

"ती परत ओरडतेय," उल्का म्हणाली.

"हो, मावशी."

"म्हणजे तिला भूक लागलीय."

"हो, मावशी."

"आणि आपण काय करतोय?"

"आपण बघतोय," डॅनिएला म्हणाली आणि दुर्बिणीला डोळा लावून खरंच बघत राहिली.

नुसतं बघणं हा उल्का चित्रेचा प्रांतच नव्हता. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात तिने उभी हयात आहारतज्ज्ञ म्हणून काढली, पण खुर्चीत बसून तक्ते भरणाऱ्यांतली ती नव्हे. वॉर्डावॉर्डातून भिरभिरायची. ऑपरेशननंतर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी उभी राहून, "जस्ट टू स्पून्स, माय लव्ह, फॉर मी," म्हणत कस्टर्डचा अख्खा वाडगा संपवून घ्यायची. उल्काला नाही म्हणण्यापेक्षा खाऊन टाकलेलं सोपं, असं नर्सेस म्हणत. नवरा यशोधन त्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. तो म्हणे, "मी हाडं जोडतो, ही त्यांच्यावर मांस चढवते."

मग दोघं रिटायर झाली. यशोधन टोमॅटोची रोपं आणि टीव्हीवरची टेस्ट मॅच यांत विरघळून गेला. उल्का घरभर फिरत राहिली. फ्रिज उघडायची, आत बघायची, बंद करायची. मुलगी अनुया रीडिंग शहरात राहायची, तिला दुपारी फोन, "काय जेवलीस?" शेवटी अनुया कातावली. "आई, मी मीटिंगमध्ये आहे, आणि माझं लंच हा तुझा प्रोजेक्ट नाहीये. तू बाहेर पड बघू घराच्या."

तिनेच मग शोधून काढलं. बर्मिंगहॅमपासून गाडीने तासाभरावर एक मोठा तलाव, काठाजवळ वाळक्या ओकच्या शेंड्यावर ऑस्प्रीचं घरटं, आणि त्यावर पहारा द्यायला माणसं हवीत. ऑस्प्री म्हणजे घारीहून थोराड, नुसत्या माशांवर जगणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आफ्रिकेत जातो, वसंतात इथे येऊन अंडी घालतो. मधल्या काळात इंग्लंडमधून तो नाहीसाच झाला होता. आता कुठे परतून आलाय, म्हणून एकेका घरट्याचं एवढं कौतुक. आणि अंडी चोरून जमवणारे महाभाग अजून आहेत, म्हणून पहारा.

पहाऱ्याची जागा म्हणजे लाकडी खोपटं, एका बाजूला बसकी लांब खिडकी. इथे त्याला हाइड म्हणतात. पहिल्या दिवशी उल्का आत शिरली तेव्हा कोपऱ्यातल्या वॉर्डनने तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला आणि म्हणाली, "चित्रे? मराठी काय?"

उल्का उडालीच. "तू?"

"डॅनिएला पेणकर. माझा आजी अलिबागवाली. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. लंडनमध्ये वाढली मी, पण आजी फक्त मराठीत ओरडायची."

"अगं, माझं माहेर पेणचं!"

"मग तू मावशी." उल्काला 'अहो-जाहो' न करणारी ही पहिलीच परकी पोर. पण एवढी गोड की बोलायची सोय नाही. "माफ कर हां, मावशी. भाषा आजीचा, ग्रामर माझा."

त्या दोघींचं जमलं. मार्च सरता सरता मादी आली, मागोमाग नर आला. दोघांनी काटक्या आणून घरटं भरलं. मादीने तीन अंडी घातली आणि ती बसली. नर मासे आणून देऊ लागला. ही व्यवस्था उल्काला मनापासून पटली. "बघ, याला म्हणतात नवरा," ती यशोधनला घरी येऊन सांगे. यशोधन टोमॅटोकडे बघत म्हणे, "मी पण परवा सेन्सबरीजमधून आणले की फिश फिंगर्स."

आणि एप्रिलच्या शेवटी नर गेला तो गेलाच. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, दुसरा दिवस उजाडला. कुठलातरी परका नर घरट्यावरून घिरट्या घालून जाई. मादी मान वर करून ओरडे, पुन्हा अंड्यांवर चोच टेकवी. वारा असा की हाइडच्या फळ्या कुरकुरत होत्या.

"ती स्वतः मासा मारायला गेली तर?" उल्काने विचारलं.

"तर अंडी गार."

"आणि नाही गेली तर?"

"तर ती उपाशी. तिचा डिसिजन आहे."

"आणि आपण?"

"आपण कुंपणाच्या आत जात नाही. कोणी नाही. मी पण नाही. कायदा आहे, मावशी. घरट्याला त्रास दिला तर गुन्हा."

"त्रास कोण देतंय? मी जेवायला देण्याबद्दल बोलतेय."

डॅनिएलाने दुर्बिणीवरून डोळा काढला. "मावशी. नाही."

त्या संध्याकाळी उल्काने पोळ्या लाटता लाटता लाटणं ओट्यावर आपटलं. "बाळंतीण आहे ती, यशोधन! आपल्यात बाळंतिणीला उपाशी ठेवतात?"

"अंडी अजून फुटायचीयत. टेक्निकली बाळंतीण नाही."

"तू हाडांपुरतं बोल."

"बरं. मग आळिवाचे लाडू कर आणि ने."

त्याने हे थट्टेने म्हटलं, हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी उल्का शहरातल्या बुल रिंगच्या मासळीबाजारात गेली. कायस्थाघरची लेक; कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिने आजवर मासा घेतला नव्हता. चांगला हातभर ट्राउट निवडला. साफ करू का, असं मासेवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "नो नो, शी लाइक्स इट होल." पिशवीत गुंडाळून, वर थर्मास ठेवून हाइडमध्ये आली. डॅनिएला वायरलेस घेऊन तलावाच्या पलीकडच्या टोकाला नराला शोधायला निघाली होती. "लक्ष ठेव, मावशी. काही झालं तर इथल्या दुसऱ्या वायरलेसवर बोल."

मादी ओरडत होती. आता आवाजही बारीक झाला होता. वॉर्डातल्या कितीतरी खाटांवर उल्काने असा आवाज बारीक होत गेलेला ऐकला होता. ती उठली, बसली, पुन्हा उठली. लगेच ठेवून परत यायचं, एवढंच. घरट्यापर्यंत तर हात पोचत नाही, पण ओकच्या खाली तुटका बुंधा होता. वरून तिला दिसेल, झडप घालेल, उचलून नेईल. गरम अंडी, भरलं पोट. यात वाईट काय?

तिने कुंपणाची तार वर उचलली आणि वाकून आत गेली.

अर्ध्या वाटेवर मादी उठली. नुसती उठली नाही, सुटलीच. पंख केवढे ते! करकरीत शिट्ट्या मारत झाडाभोवती फिरू लागली. उल्का घाबरली, पण इथवर आलेय तर ठेवूनच जाऊ म्हणून धावत बुंध्यापाशी गेली, मासा टाकला, मागे पळाली. चिखलात एक बूट रुतला तो ओढून काढला. हाइडमध्ये आल्यावर मागे वळून बघितलं तर घरटं मोकळं. मादी वर चकरा मारत होती. माशाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

बघितलं ते कावळ्यांनी. आधी एक आला, मग दोघं. मग तांबूस शेपटीची एक घार. बुंध्यावर मेजवानी सुरू झाली, आणि वर तीन अंडी वाऱ्यात उघडी.

"डॅनिएला!" वायरलेसवरचं बटण तिला सापडेना. "डॅनिएला, ती उठली."

"काय? का?"

उल्काने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"मावशी, का उठली?"

"मी मासा ठेवला. झाडाखाली. कावळे आलेत. मी परत जाते आणि उचलून आणते—"

"नाही!" पलीकडून असा आवाज आला की खोपटं हललं. "तू गेली तर ती अजून लांब जाणार. तू हलायचं नाही. खिडकी अर्धी बंद कर आणि बस. बसली?"

"बसले."

"खरं सांग."

उल्का उभीच होती. तिने खुर्ची ओढली. "आता बसले."

आयुष्यात एवढं अवघड काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक कावळा बुंध्यावरून उडून खालच्या फांदीवर बसला. तिथून वरच्या फांदीवर. मान तिरकी करून घरट्याच्या कडेकडे बघू लागला. उल्काचे पाय आपोआप ताठ झाले. दार तीन पावलांवर होतं. ओरडावं, दगड मारावा, पदर असता तर पदर हलवावा. तिने खुर्चीच्या बैठकीखाली दोन्ही हात घातले आणि स्वतःला धरून ठेवलं. "नको रे," ती पुटपुटली, "माझ्या राजा, नको. खाली आहे ना एवढा मोठा. ते खा."

मादी वरून दगडासारखी कोसळली. कावळा फांद्यांतून धडपडत खाली गेला. ती पुन्हा वर चढली, घारीला हाकलून आली, पुन्हा फिरली. पावसाचे थेंब खिडकीवर आडवे येऊ लागले. किती वेळ गेला ते उल्काला सांगता आलं नसतं. मग मादी घरट्याच्या कडेवर उतरली. अंग झाडलं. नख्या अंड्यांना लागू नयेत म्हणून पंजे मुठीसारखे मिटून घेतले, अलगद एकेक पाऊल टाकलं आणि पोट हलवत अंड्यांवर बसली.

डॅनिएला भिजून, धापा टाकत आत आली. आधी दुर्बिणीतून बघितलं. मग उल्काच्या चिखलाच्या बुटाकडे.

"ओरड ना," उल्का म्हणाली.

"मला ओरडायला मराठी येत नाही." तिने भिजलेली टोपी काढली. "मला वर कळवायला लागणार."

"कळव."

"पिल्लं येईपर्यंत तू इथे नाही, मावशी. नंतरचं ते ठरवतील."

दुसऱ्या सकाळी तिचाच फोन आला. नर आला. पंखाचं एक पीस तुटलेलं, कुठेतरी मारामारी करून आला असावा. पण मासा घेऊन आला. फक्त डोकं नसलेला.

"डोकं कुठे गेलं?"

"ते आधी स्वतः खातात. नेहमी."

"शहाणाच आहे," उल्का म्हणाली, आणि मग हसता हसता रडली. "आणि अंडी?"

"ती सांगत नाही."

अंडी आतून जिवंत की मेली, हे बाहेरून कुणाला कळणार? घरट्यावरचा कॅमेरा घरबसल्या लॅपटॉपवर दिसे. उल्का तो डायनिंग टेबलावर लावून ठेवी, भाजी चिरताना बघी, चिरणं सोडून बघी. यशोधनने एकदा विचारलं, "आज जेवायला काय?" तर म्हणाली, "तू कर." आजवर असं कधी घडलं नव्हतं.

"अंडी किती वेळ गार राहिली तर...?" तिने त्याला विचारलं.

"मी हाडांचा डॉक्टर." मग तो शेजारी येऊन बसला. "वाचलं मी. कधी तगतात, कधी नाही. उल्का, मी लाडवांचं थट्टेत म्हटलं होतं."

"माहितेय रे. तेव्हाही माहीत होतं."

मे संपताना एका दुपारी मादी उठून बाजूला झाली, आणि खाली काहीतरी ओलं, करड्या रंगाचं, थरथरणारं. पाठोपाठ दुसरं. तिसरं अंडं तसंच पडून राहिलं. मग काटक्यांत दबून दिसेनासं झालं.

उल्काला ताकीद मिळाली होती, पण काढून टाकलं नव्हतं. यापुढे एकटीने बसायचं नाही, एवढी अट. ती हाइडमध्ये आली, कोट न काढताच म्हणाली, "तिसरं माझ्यामुळे गेलं का?"

डॅनिएलाने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "काही अंडी तशी पण होत नाहीत. किंवा त्या दिवशी झालं. मला माहीत नाही, मावशी. खोटं बोलू?"

"नको."

नराने मासा आणून टाकला. मादी तुकडे तोडून भरवू लागली. मोठं पिल्लू मान उंचावून पुढे घुसलं, खाल्लं, पुन्हा खाल्लं. धाकटं मागे चोच उघडून डुगडुगत होतं. मोठ्याने त्याला टोच मारून आडवं पाडलं.

"अगं, त्याला दे," उल्का खिडकीच्या कडेला धरून म्हणाली. "त्याला मिळालंच नाहीये!"

 डॅनिएला दुर्बीण सोडून तिच्याकडे बघत राहिली.

"बघू नकोस माझ्याकडे. नाही जात मी कुठे."

"मिळालं नाही तर?"

"तर मिळणार नाही." उल्काने डोळे मिटले. लगेच उघडले. मोठं आता पोट फुगवून पेंगत होतं. मादीने माशातून एक बारीकसा तंतू ओढला, मान वाकडी केली आणि धाकट्याच्या चोचीसमोर धरला. त्याचा नेम चुकला. तिने पुन्हा धरला. पुन्हा चुकला.

"अगं बाई," उल्का कुजबुजली, "केवढा धीर हिला."

तिसऱ्या वेळी तो तंतू आत गेला. धाकट्याने चोच मिटली, आणि लगेच पुन्हा उघडली.