सहाव्या गाण्याआधी दिलेलं मत

एखादा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं काहीही न गाळता, तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आणि ज्या अल्बमांबद्दल तुम्ही चारचौघांत ठाम मत दिलंत, त्यांतले किती असे ऐकले होतेत? मी हे विचारतेय ते वरच्या पायरीवर उभी राहून नाही. मी न ऐकता मत दिलं आणि त्यापायी चार माणसांची जागा गेली.

नव्या ऑल्टरनेटिव्ह आणि इमो रॉक अल्बमांबद्दल मी दर महिन्याला मराठीत एक पत्र लिहिते, ईमेलने पाठवते आणि वेबसाइटवरही ठेवते. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी: इमो ही रॉकची अशी शाखा, जिच्यात गाणारा आपली जखम उघडी करून दाखवतो, कधी कुजबुजत, कधी घसा फाटेपर्यंत ओरडत. पत्राचं मूळ बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या एका फ्लॅटमध्ये आहे. माझ्याच ऑफिसातला नागपूरचा एक मित्र तिथे राहतो आणि त्याच्याकडे चांगले स्पीकर आहेत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही सहा-सात मराठी माणसं त्याच्याकडे जमतो. फोन चपलांच्या कपाटावर ठेवायचे, एक नवा अल्बम पूर्ण ऐकायचा, मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. मग चहा आणि भांडण. जो अल्बम पूर्ण ऐकला नाही, त्यावर पत्रात लिहायचं नाही, असा नियम आहे. तो मीच घातला होता.

माझी मतं कुठून येतात हेही सांगायला हवं. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. गोष्टीची पुस्तकं घरात नंतर आली, पत्रकं आधी. छपाईआधीची मुद्रितं मी मोठ्याने वाचून दाखवायची, वडील डोळे मिटून ऐकायचे आणि जिथे माझा श्वास अडखळेल तिथे वाक्य तोडायचे. दुसऱ्या कोणाचं पत्रक हातात आलं की ते म्हणायचे, आधी तळाची ओळ वाच. कोणी छापलं, कोणासाठी छापलं ते बघ, मग वर जा. मी आजही सगळं तळापासून वाचते. औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, अल्बमची श्रेयनामावली.

तर मतं. वर्षाच्या सुरुवातीला एका परदेशी बँडचा पुनरागमनाचा अल्बम आला. गायक चाळिशीच्या पुढचा, आणि अजून शाळेतल्या मुलीने सोडून दिल्याचं दुःख गातो. ड्रम इतके घासूनपुसून घेतलेले की कोणी वाजवतंय असं वाटतच नाही. मी लिहिलं, घर झालं, गाडी झाली, जखम मात्र जुनीच जपून ठेवलीय. हे मत मला आजही पटतं, कारण तो अल्बम मी पूर्ण ऐकला होता. दुसरा अल्बम दोघी मुलींचा. आठ गाणी जवळजवळ पुटपुटत म्हटलेली, आणि नवव्यात दोन्ही गिटारी अशा काही सुटतात की खोलीतला पंखा ऐकू येईनासा होतो. त्या मुली घरमालकावर चिडलेल्या होत्या, हे स्पष्ट कळत होतं. मला तो फार आवडला. मी लिहिलं की रागाला पत्ता असावा लागतो. इमोचं दुःख मला खटकतं ते यासाठी, त्याला पत्ता नसतो. गादीवर पडून छताकडे बघत गायलेलं दुःख.

हे वाक्य लोकांना आवडलं. मलाही आवडलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा वापरता येईल असा अल्बम मी शोधत होते, हे आज कबूल करते.

तो आयता आला. बेंगळुरूतल्याच चौघांचा पहिला अल्बम, सात गाणी, मराठीत, मध्येमध्ये कन्नड ओळी. आमच्या रविवारच्या बैठकीत तोच लावायचा होता. मी हेब्बाळला एका मैत्रिणीकडे जेवायला गेले होते, परतताना रिंग रोडवर अडकले आणि पोचले तेव्हा चहा चालू होता. टॅक्सीत मी दीड गाणं ऐकलं होतं. पहिलं संथ होतं, बाईचा आवाज, थोडा नाकातला. दुसऱ्याच्या मध्यावर मी ते थांबवलं आणि सवयीने तळाला गेले. तिथे बारीक अक्षरांत शहराबाहेरच्या होसकोट्याच्या एका कारखान्याचे आभार मानले होते. कंपनीचं पूर्ण नाव, आणि वाजवायला हॉल दिल्याबद्दल ऋणी वगैरे.

माझं मत तिथेच तयार झालं. रिंग रोडवर गाडी हललीसुद्धा नव्हती.

बैठकीत मी तावातावाने बोलले. बाकीच्यांना अल्बम आवडला होता. नागपूरच्या मित्राने मला दारापर्यंत सोडताना विचारलं, "पूर्ण ऐकलं ना बे तू?"

मी हो म्हणाले.

त्या महिन्याच्या पत्रात मी त्या अल्बमला एक परिच्छेद दिला. मालकाच्या हॉलमध्ये बसून, मालकाचे आभार मानून गायलेलं दुःख कसं असतं ते ऐका, असं लिहिलं आणि कंपनीचं नाव ठळक अक्षरांत घातलं. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्या परिच्छेदाचा फोटो काढून इकडेतिकडे पाठवला. मी तीन-चार दिवस खुशीत होते.

तीन आठवड्यांनी त्या पत्राला एका ओळीचं उत्तर आलं. खाली सही नव्हती, पण पत्ता त्या बँडचा होता. सहावं गाणं ऐकलासा काय, एवढंच. हा ‘ऐकलासा’ माझ्या गावचा. बेंगळुरूला आल्यापासून पुण्याच्या लोकांत मी तो गिळून टाकला होता. वाचला आणि घरातल्या कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

मी ऑफिसच्या जिन्यात बसून सहावं गाणं ऐकलं. त्यात घोषणा नाही, शिवी नाही. होसकोट्याच्या कारखान्याच्या गेटवर रांग लागली आहे, कार्ड लावल्यावर यंत्र वाजायला हवं ते वाजत नाही, आणि मागचे लोक कुरकुर करतायत. आत फळीवर कालचा डबा राहिला आहे, तो कोणीतरी आणून द्या, इतकंच ती बाई मागते. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, शेवटी आवाज फुटेपर्यंत. रातोरात काढून टाकलेल्या कंत्राटी बायकांचं गाणं होतं ते. त्याच कारखान्यातल्या. त्याच कारखान्याच्या हॉलमध्ये बसून म्हटलेलं. माझ्या दोघी लाडक्या मुलींचा राग याच्यापुढे गल्लीतला वाटला.

मग मी सगळी सात गाणी ऐकली. पहिलं संथ गाणं का संथ आहे, ते सातव्याला कळतं. ते मी इथे सांगणार नाही.

त्या गाणाऱ्या बाईंना मी लिहिलं, भेटायचंय. त्यांनी शनिवारची वेळ दिली. होसकोट्याच्या बसस्टँडसमोर एका दर्शिनी हॉटेलात, उभ्याने कॉफी प्यायच्या टेबलाशी, त्या पहिली पाळी संपवून आल्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असाव्यात. कारखान्यात मालाची तपासणी करतात, माहेर बेळगावकडचं. गणवेशावरचं कंपनीचं चिन्ह ओढणीखाली झाकलं होतं. काउंटरवरच्या माणसाला ‘अण्णा, स्वल्प सक्करे’ म्हणून साखर मागून घेतली आणि मग माझ्याकडे वळल्या. मी माफीचं जे काही घोकून आले होते ते त्यांनी निम्म्यात थांबवलं.

"वाईट लिहिलासा त्याचं काय नाही ओ," त्या म्हणाल्या. "खरं, कंपनीचं नाव कशाला घातलासा?"

मी म्हणाले, तुम्हीच तर अल्बममध्ये घातलं होतं. त्या हसल्या. हॉल उघडून देणाऱ्या सुपरवायझरची तेवढीच अट होती म्हणे. "ते बारीक अक्षर कोण वाचतंय? दोन हजार वेळा ऐकलं गेलं, वाचणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या परिच्छेदाचा फोटो फिरत फिरत कंपनीतल्या एका माणसाकडे पोचला. त्याला मराठी येत नव्हतं, कंपनीचं नाव तेवढं ठळक दिसलं. आपल्या लोकांचं कौतुक छापून आलंय असं समजून त्याने ते साहेबांना दाखवलं. साहेब खूश झाले. त्यांनी हुकूम दिला की हा अल्बम दुपारी कँटीनमध्ये लावा, सगळ्यांना ऐकू द्या. पाच गाणी होईपर्यंत सगळे भात कालवत होते. सहावं सुरू झालं तशी एकेक पंगत जेवायची थांबली. दोघी-तिघी उठून स्पीकरखाली जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी शेजारच्याला विचारलं की हे काय म्हणतायत, आणि शेजारच्याने, बिचाऱ्याने, खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हॉलला नवं कुलूप होतं. त्यांची नोकरी आहे, पण पाळी बदलली. सुपरवायझरला समज मिळाली. दुसरा अल्बम अर्धा झाला होता, तो तिथेच थांबला. ड्रम वाजवणारा सामान घेऊन गावी गेला आहे, जागा मिळाली तर येतो म्हणाला. भाड्याच्या दहा बाय दहात ड्रम वाजवले तर शेजारी काय करतील, ते त्यांनी मला हाताने करून दाखवलं.

पत्रकांच्या घरात एका माणसाला कधी चहा मिळत नसे. साहेबाला आतली नावं पोचवणाऱ्याला. त्याला खबऱ्या म्हणत, आणि तो दिसला की आम्ही पोरंसुद्धा रस्ता ओलांडायचो. कँटीनची हकीकत ऐकताना मला तो माणूस आठवला, त्याचा निळा शर्ट आठवला. त्याला निदान ठाऊक तरी होतं आपण काय करतोय ते.

आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं? मी म्हणाले, अक्का, मी कंपनीविरुद्ध लिहिते. सगळं उघड करते.

त्यांनी पेला खाली ठेवला. "लिहायचं सोडून दुसरं काय येतंय काय तुम्हाला?" मग, मला लागलंय हे बघून, जरा मऊ आवाजात: "आता काय उघड करू नका. जागा बघा कुठंतरी. रविवारची चालते."

घरी येऊन मी वडिलांना फोन केला आणि न लपवता सगळं सांगितलं. पूर्ण न ऐकताच हो म्हटल्याचंही. ते रागावतील असं वाटलं होतं, आणि ते मला चाललं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ती बाई अजून कामावर आहे ना? मी आहे म्हटलं. मग म्हणाले, पत्रकात नाव घालायच्या आधी आम्ही घरी जाऊन विचारायचो, हे तुला कधी सांगितलंच नाही वाटतं.

नागपूरच्या मित्रालाही सांगितलं. तो म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं. तुला दीड गाण्याच्या पुढचं एकही वाक्य बोलता आलं नव्हतं. काहून बोलला नाहीस, असं मी त्याच्याच भाषेत विचारलं. तो म्हणाला, नियम तुझा होता.

तो परिच्छेद मी वेबसाइटवरून काढून टाकला आहे, फिरणारा फोटो काढता येत नाही. बँडचं आणि अल्बमचं नाव इथे देत नाही, कारण मी या वेळी आधी विचारलं आणि त्या नको म्हणाल्या. हा मजकूर पाठवण्यापूर्वी त्यांना फोनवर वाचून दाखवला. ‘हाताने करून दाखवलं’ इथे त्या हसल्या, सगळं ठेवा म्हणाल्या.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. होसकोटे ते हेब्बाळ या पट्ट्यात तुमची किंवा तुमच्या ओळखीची एखादी जागा असेल, बंद शाळेचा वर्ग, गोदाम, मंडळाचा हॉल, इमारतीखालची रिकामी खोली, जिथे रविवारी दुपारी चार तास ड्रम आणि दोन गिटारी वाजलेल्या चालतील, तर या पत्राला उत्तर लिहा. फक्त जागा कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे असते एवढंच कळवा. मी ते त्यांच्याकडे पोचवीन आणि त्याबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही.